५५५ टायमर: बझर फक्त वेळ संपल्यावर वाजायला हवा, जोडणी कशी करायची?

फळा_आणि_खडू:
मंडळी, वक्तृत्व स्पर्धेसाठी ५ मिनिटांचा टायमर हवा आहे. एनई५५५ या टायमर आयसीवर साधं मोनोस्टेबल (एकदा बटण दाबलं की ठरलेला वेळ चालून थांबणारं) ब्रेडबोर्डवर लावलंय. पिन ६ आणि ७ एकत्र, तिथून ४७० के (किलोओहम) रेझिस्टर आणि २२० के प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) एकामागोमाग एक प्लसला, खाली ग्राउंडला ४७० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा कपॅसिटर. पिन २ ला १० के प्लसवरून, बटण पिन २ आणि ग्राउंडच्या मध्ये. पिन ४ सरळ प्लसला. पिन ३ वरून १ के मधून हिरवा एलईडी ग्राउंडला. वर ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. बटण दाबलं की एलईडी लागतो, वेळ संपली की विझतो. इथवर ठीक.

आता वेळ संपल्यावर ४-५ सेकंद बझर वाजून आपला आपण थांबायला हवा. बझर काळा, गोल, वर ३ ते २४ व्होल्ट लिहिलंय. पिन ३ आणि ग्राउंडमध्ये लावला तर पाचही मिनिटं वाजत राहतो. प्लस आणि पिन ३ मध्ये लावला तर बटण दाबायच्या आधीपासूनच कोकलतो, आणि दाबल्यावर गप्प व्हायच्या ऐवजी बारीक कुंई-कुंई चालूच. आयसी गेला आहे का?

शिवाय वेळही एका जागी बसत नाही. पहिल्या खेपेला ५:४५, लगेच पुन्हा लावलं तर ५:१०.

पंचवीसवॅट:
आयसी ठणठणीत आहे. ५५५ ला "अजून सुरू केलं नाही" आणि "वेळ संपली" यातला फरक कळतच नाही. दोन्ही वेळी पिन ३ खालीच असते. त्यामुळे प्लस ते पिन ३ लावलेला बझर दोन्ही वेळी वाजणार.

कुंई-कुंईचं कारण वेगळं. एनई५५५ ची पिन ३ वर जाते ती पूर्ण ९ व्होल्टवर जात नाही, आतल्या ट्रान्झिस्टरांमुळे साधारण दीड व्होल्ट कमी राहते. तेवढा दीड व्होल्ट बझरवर पडतो आणि पिझो बझरला कण्हायला तेवढा पुरतो. पिन ३ पासून प्लसला १ के चा रेझिस्टर लावा, नाहीतर बझरच्या एका पायात दोन १एन४१४८ डायोड एकामागे एक घाला, आवाज बंद होईल. तुमचा एलईडी त्याच पिनवर असल्यामुळे १ के चा उपाय अर्धवटच चालेल, डायोडच घाला. कोणी सुचवेल की बझर बीसी५५७ ट्रान्झिस्टरमधून चालवा. तिथेही हीच अडचण येते: बेसला तो दीड व्होल्ट मिळतो आणि ट्रान्झिस्टर कधीच पूर्ण बंद होत नाही. बेसला ४.७ के आणि बेस-एमिटरमध्ये २.२ के लावले तरच तो बंद होतो.

नुसता स्वयंपाकघरातला टायमर असता तर सोपं होतं. बटण काढायचं, पिन २ ला १०० के प्लसला आणि ०.१ मायक्रो ग्राउंडला, म्हणजे स्विच चालू केला की टायमर स्वतःच सुरू होतो. बझर प्लस ते पिन ३. वेळ संपली की वाजतो, माणूस येऊन स्विच बंद करतो. परीक्षकांच्या टेबलावर हे चालणार नाही.

दोनतृतीयांश:
बरोबर. तुम्हाला पिन ३ ची पातळी बघायची नाहीये, ती वरून खाली पडते तो क्षण पकडायचा आहे. तो क्षण दुसऱ्या ५५५ ला द्यायचा आणि त्याने ५ सेकंद बझर वाजवायचा.

पहिल्या आयसीची पिन ३ → ०.१ मायक्रोचा डिस्क कपॅसिटर (वर १०४ लिहिलेला) → दुसऱ्या आयसीची पिन २. दुसऱ्याच्या पिन २ पासून प्लसला १० के. त्या १० के ला समांतर एक १एन४१४८, पट्टीची बाजू प्लसकडे. दुसऱ्याची ६ आणि ७ एकत्र, तिथून १०० के प्लसला आणि ४७ मायक्रो ग्राउंडला. १.१ × १०० के × ४७ मायक्रो म्हणजे ५.१७ सेकंद. बझरचा प्लस दुसऱ्याच्या पिन ३ ला, मायनस ग्राउंडला. पिझो असेल तर ट्रान्झिस्टरची गरज नाही, तो १०-१५ मिलीअँपिअरच्या वर जात नाही.

डायोड गाळू नका. बटण दाबल्यावर पहिल्याची पिन ३ शून्यावरून साडेसातच्या आसपास उडी मारते, आणि कपॅसिटर ती उडी पुढच्या पिन २ वरच्या ९ व्होल्टवर चढवतो. म्हणजे १६ च्या वर. एनई५५५ ची मर्यादाच १६ आहे. लगेच काही जळणार नाही, पण विचित्र वागणं इथूनच सुरू होतं. डायोड ते साडेनऊवर अडवतो. वेळ संपताना उलट होतं: पिन २ नऊवरून दीड-पावणेदोनपर्यंत खाली येते. पेटायला, म्हणजे टायमर सुरू व्हायला, लागतात पुरवठ्याच्या एक तृतीयांशापेक्षा कमी, म्हणजे ३ व्होल्टच्या खाली, त्यामुळे काम भागतं.

दोन्ही आयसींच्या पिन ५ ला ०.०१ मायक्रो ग्राउंडला. पिन ८ आणि १ च्या अगदी जवळ ०.१ मायक्रो, आणि ब्रेडबोर्डच्या पुरवठ्याच्या पट्ट्यावर कुठेतरी १०० मायक्रो. हे लोक नेहमी गाळतात. एनई५५५ पलटताना क्षणभर बराच करंट खेचतो, बॅटरीचा व्होल्टेज दचकतो आणि शेजारचा आयसी उगाच पेटतो. बझर एकदा वाजायला लागला की थांबतच नाही, अशी तक्रार आली तर नव्वद टक्के वेळा गुन्हेगार हाच.

जागा कमी असेल तर एनई५५६ घ्या, एकातच दोन टायमर. पण पिना बदलतात: पहिल्याचा ट्रिगर ६, आउटपुट ५, रीसेट ४, थ्रेशोल्ड २, डिस्चार्ज १; दुसऱ्याचा ट्रिगर ८, आउटपुट ९, रीसेट १०, थ्रेशोल्ड १२, डिस्चार्ज १३; ग्राउंड ७, प्लस १४.

फळा_आणि_खडू:
करून बघितलं. वेळ संपल्यावर छान पाच सेकंद वाजतो, थांबतो. आता दोन नवीन भानगडी. एक, बॅटरीचा स्विच चालू केला की काही न करता एकदा पाच सेकंद वाजतो. दोन, वक्ता तिसऱ्याच मिनिटाला खाली बसला तर टायमर मध्येच रद्द करायला पहिल्याच्या पिन ४ (रीसेट) वर बटण लावलं (१० के प्लसला, बटण ग्राउंडला). रद्द होतो, पण रद्द केल्यावरही बझर वाजतो. म्हणजे बसलेल्या मुलाला आणखी लाजवणं!

वेळेचा घोळ तसाच आहे.

दोनतृतीयांश:
ताई, दोन्हींचं मूळ एकच. पुरवठा येतो तेव्हा तो ०.१ चा कपॅसिटर रिकामा असतो, त्यामुळे दुसऱ्याची पिन २ पहिले काही क्षण शून्याजवळ राहते आणि तो पेटतो. रद्द करताना पहिल्याची पिन ३ खाली पडते. वेळ संपून पडली की रीसेटमुळे पडली, हे पुढच्याला कुठून कळणार?

उपाय असा. दोन्ही आयसींच्या पिन ४ एकमेकींना जोडा. त्या जोडापासून प्लसला १० के, ग्राउंडला १० मायक्रो. रद्द करायचं बटण त्याच जोडावरून १०० ओहममधून ग्राउंडला. पुरवठा आल्यावर पिन ४ काही मिलीसेकंद ०.७ व्होल्टच्या खाली राहते, आणि पिन २ वरचा झटका अर्ध्या मिलीसेकंदात संपलेला असतो. रीसेट दाबून धरलेला असताना ट्रिगरला (पिन २ ला) कोणी विचारत नाही. रद्द करतानाही तसंच: झटका येतो तेव्हा दुसरा बांधलेलाच असतो. शिवाय बझर मध्येच गप्प करायचा असेल तरी तेच बटण चालतं.

१०० ओहम बटण वाचवण्यासाठी, नाहीतर दर दाबीला कपॅसिटर सरळ बटणाच्या पत्र्यावर रिकामा होतो. आणि रद्द केल्यावर अर्धा सेकंद थांबून मगच सुरू करा. ४७० मायक्रो पिन ७ मधून रिकामा व्हायला थोडा वेळ घेतो. तळाशी काही उरलं तर पुढची फेरी तेवढी लहान होते.

आता वेळ. तुमच्या जोडणीत सुमारे ५८० के ला ५ मिनिटं यायला हवीत: १.१ × ५८० के × ४७० मायक्रो, ३०० सेकंद. पण तुमच्या ४७० मायक्रोसारख्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधून थोडी गळती असते. पिन ६ सहा व्होल्टला (पुरवठ्याच्या दोन तृतीयांशाला, जिथे वेळ संपते) पोचते त्या वेळी ५८० के मधून उरलेल्या ३ व्होल्टचा करंट येतो, फक्त ५.२ मायक्रोअँपिअर. गळती सतत १ मायक्रोअँपिअर धरली तरी ३०० चे ३४० सेकंद होतात. ५.२ च्या वर गेली तर टायमर कधीच संपत नाही, एलईडी रात्रभर जळत राहतो. "माझा ५५५ अडकून बसला" म्हणणाऱ्यांनी आधी कपॅसिटर बदलावा.

पहिली फेरी लांब आणि दुसरी कमी, यालाही कारण हेच. पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिकवरचा ऑक्साइडचा थर झिजलेला असतो. व्होल्टेज मिळालं की तो पुन्हा बनतो आणि गळती उतरते. म्हणून स्पर्धेआधी टायमर तीन-चारदा चालवून मगच प्रीसेट लावायचा.

१००० मायक्रो आणि २७३ के घेऊन गळतीवर मात करू, असं बरेच जण सुचवतात. त्याने काही साधत नाही. कपॅसिटर दुप्पट केला तर गळतीही साधारण दुप्पट, आणि रेझिस्टर निम्मा झाल्याने भरणाराही दुप्पट. प्रमाण तेच राहतं. फरक पडतो तो चांगल्या, ताज्या, २५ व्होल्टच्या कपॅसिटरने. १६ वाल्यापेक्षा तो ९ व्होल्टवर निवांत असतो. बॅटरी उतरल्याने मात्र वेळ फारशी बदलत नाही, कारण दोन तृतीयांशाची खूणही बॅटरीबरोबरच खाली येते.

चौदावा_टप्पा:
वरचं सगळं खरं, पण ५ मिनिटं म्हणजे ५५५ च्या सुखाची हद्द संपत आली. दहा-पंधरा मिनिटांच्या पुढे तर भांडणच. यापेक्षा सीडी४०६० घ्या. आत ऑसिलेटर आणि १४ टप्प्यांचा काउंटर. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत कुठल्याही पार्टवाल्याकडे मिळतो. इलेक्ट्रोलिटिक लागतच नाही.

पिन १६ प्लस, ८ ग्राउंड. पिन ११ ला १ मेगचा रेझिस्टर, पिन १० ला १२० के आणि १०० के प्रीसेट, पिन ९ ला ०.१ मायक्रो, तिघांची दुसरी टोकं एकत्र. कपॅसिटर पॉलिएस्टरचाच, त्याच्यावर व्होल्टेज दोन्ही दिशांनी फिरतं. एका ठोक्याचा वेळ २.३ × आर × सी, इथे आर म्हणजे पिन १० वरचा रेझिस्टर. १५९ के ला ३६.६ मिलीसेकंद. पिन ३ म्हणजे चौदावा टप्पा ८१९२ ठोक्यांनी वर जातो: बरोबर ३०० सेकंद.

सुरू-बंदची भानगड इथे सुटते. पिन १२ रीसेट आहे. एक टॉगल स्विच लावा: मधला पाय पिन १२ ला, एका बाजूला प्लस ("तयार"), दुसऱ्या बाजूला ग्राउंड ("चालू"). तयारवर ठेवला की सगळं शून्य, गप्प. बॅटरी चालू करताना तयारवर असला की झालं. रद्द करायचं तर परत तयारवर.

बझर सलग वाजण्यापेक्षा पीप-पीप जास्त ऐकू येतो, आणि तो इथे फुकट मिळतो. पिन ७ (चौथा टप्पा) ०.५९ सेकंदाच्या फेऱ्याने वर-खाली होत असते. पिन ३ आणि पिन ७ दोन्ही वर असतील तेव्हाच बझर वाजवायचा. एका जोडबिंदूला प्लसवरून २२ के. तिथून दोन १एन४१४८, पट्टीची बाजू पिन ३ आणि पिन ७ कडे. त्याच बिंदूपासून तिसरा १एन४१४८ बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसकडे, पट्टी बेसकडे, आणि बेसपासून ग्राउंडला ४७ के. बझर प्लस आणि कलेक्टरमध्ये. तिसरा डायोड गाळला तर बिंदू खाली असतानाही त्याच्यावर पाऊण व्होल्ट राहतो आणि ट्रान्झिस्टर अर्धवट जागा राहतो.

आता थांबवायचं. दुसरा तसाच जोडबिंदू करा, प्लसवरून १०० के, दोन डायोड पिन ३ आणि पिन १४ कडे (आठवा टप्पा), आणि बिंदूपासून एक डायोड पिन ११ कडे, पट्टी ११ कडे. वेळ संपल्यानंतर १२८ ठोक्यांनी, म्हणजे ४.७ सेकंदांनी, दोन्ही वर येतात, पिन ११ वर ओढून धरली जाते आणि ऑसिलेटरच थांबतो. त्या क्षणी पिन ७ शून्यावर असते, म्हणजे बझर गप्प अवस्थेतच अडकतो. हा जोड केला नाही तर आणखी पाच मिनिटं पीप-पीप, आणि मग सगळं पहिल्यापासून.

प्रीसेट लावायला दर वेळी पाच मिनिटं बसू नका. पिन १५ ला ४.७ के मधून एलईडी लावा. तो विझल्यापासून पुन्हा विझेपर्यंत ३७.५ सेकंद यायला हवेत. फोनच्या स्टॉपवॉचने दोन फेऱ्या मोजा, ७५ सेकंद.

पंचवीसवॅट:
४०६० बाबतीत दुमत नाही. फक्त ब्रेडबोर्डवरून थेट स्पर्धेला नेऊ नका, झिरो पीसीबीवर (नुसती भोकं असलेल्या बोर्डवर) सोल्डर करा. सहा डायोड आणि एक टॉगल ब्रेडबोर्डवर असले की कुठला तरी पाय ऐन भाषणात सुटणारच. पिन ११ पासूनच्या तारा आखूड ठेवा, १ मेगवर हात फिरला तरी ठोके बदलतात.

बझर विकत घेताना: मल्टिमीटरने १६ ओहमच्या आसपास दाखवला तर तो पॅसिव्ह, त्याच्या आत ऑसिलेटर नाही. डीसी दिला तर फक्त टक् होईल, आणि ९ व्होल्टवर सरळ धरला तर अर्धा अँपिअर खेचून गरम होईल. अ‍ॅक्टिव्ह हवा. पिझोऐवजी कॉइलवाला अ‍ॅक्टिव्ह घेतला तर त्याला समांतर १एन४००७, पट्टी प्लसकडे.

दोन एनई५५५ आणि एलईडी मिळून १५ मिलीअँपिअरच्या आसपास जातात. ९ व्होल्टची साधी बॅटरी एका दिवसाच्या स्पर्धेला पुरेल, पण जेवणाच्या सुट्टीत स्विच बंद करा. ४०६० वाला एलईडी सोडला तर जवळपास काहीच खात नाही.

फळा_आणि_खडू:
दोन्ही करून बघते. सध्या ५५५ वाला पिन ४ जोडल्यावर शिस्तीत वागतोय, कपॅसिटर २५ व्होल्टचा घातला, तीन फेऱ्या ५:०१, ५:००, ५:००.

आणखी दोन विचारायचं होतं. वेळ संपत आल्याची सूचना म्हणून पिवळा एलईडी लावता येईल का? साधारण शेवटचं मिनिट. आणि बॅटरीऐवजी मोबाईलचा चार्जर?

चौदावा_टप्पा:
४०६० वर सहज. पिन १ आणि २ (बारावा आणि तेरावा टप्पा) पहिल्यांदा एकत्र वर येतात ते ६१४४ व्या ठोक्याला, म्हणजे ३ मिनिटं ४५ सेकंदांना, आणि बरोबर ५:०० ला दोन्ही एकदम खाली जातात. प्लसवरून ६.८ के, त्याच्या टोकाला पिवळ्या एलईडीचा लांब पाय, आखूड पाय ग्राउंडला. त्याच टोकापासून दोन १एन४१४८, पट्ट्या पिन १ आणि २ कडे. ट्रान्झिस्टर लागत नाही. एखादी पिन खाली असली की टोकावर जेमतेम एक व्होल्ट उरतो आणि पिवळा एलईडी दोनच्या खाली लागत नाही. एलईडी जास्त उजेडाचा घ्या, करंट एकच मिलीअँपिअर आहे. शेवटचं मिनिट नाही, शेवटची ७५ सेकंदं, पण समारोपाला तेवढी हवीतच.

दोनतृतीयांश:
५५५ वर पिवळ्यासाठी कंपॅरेटर (दोन व्होल्टेजांची तुलना करणारा आयसी) लावावा लागेल, त्यापेक्षा ४०६० बरा.

चार्जरबद्दल सावध. ५ व्होल्टवर एनई५५५ ची पिन ३ साडेतीनच्या आसपासच जाते. पडताना दुसऱ्याची पिन २ पाचवरून दीडपर्यंत येते, आणि पेटायला १.६७ च्या खाली जायला हवं. अगदी काठावर. एका आयसीवर बझर वाजेल, दुसऱ्यावर नाही, आणि दोष सापडता सापडत नाही. चार्जरवरच चालवायचं असेल तर दोन्ही जागी टीएलसी५५५ किंवा आयसीएम७५५५ घाला, पिना त्याच. त्यांची पिन ३ जवळजवळ पूर्ण पाचपर्यंत जाते. मात्र हे बाहेर देऊ शकतात फारच थोडा करंट, म्हणून मग बझर सरळ पिन ३ वर नको: ४.७ के मधून बीसी५४७ च्या बेसला, एमिटर ग्राउंडला, आणि बझर प्लस ते कलेक्टर.